ठेंगणीच्या झेपेची जागा

पागेत नवा माणूस आला की त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो. घोडा किती उंच उडतो? घोडे शिकवणाऱ्या आत्याला हा प्रश्न इतक्या वेळा विचारून झाला होता की ती उत्तर न देता विचारणाऱ्यालाच उलट विचारायची, "तुम्ही किती उडता?" माणूस हसायचा. मग ती म्हणायची, "आणि कुत्रं मागं लागलं तर?" तेव्हा तो विचारात पडायचा.

कमरेएवढं उडणं कुठल्याही धडधाकट घोड्याला जड नाही. छातीएवढं शिकवून येतं. माणसाच्या डोक्याएवढं उडणारा घोडा हजारांत एखादा, आणि तोही रोज उठून नाही. पण उडणं हा घोड्याचा स्वभावच नाही. घोडा शहाणा प्राणी आहे. वाटेत काही आडवं दिसलं की तो गुमान वळसा घालून जातो. शेजारी मोकळी जागा पडलेली असताना आडव्या दांड्यावरूनच जायचं, हे खूळ माणसाचं. ते घोड्याच्या डोक्यात उतरवायला महिने लागतात, कधी वर्षं लागतात. त्यात आणखी एक अडचण असते आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. नाकाच्या अगदी पुढचं, खालचं त्याला दिसत नाही. दांडा लांबून दिसतो, जवळ जवळ येतो, आणि झेप घ्यायच्या घटकेला नजरेआड होतो. जो दांडा घोडा ओलांडतो तो त्याला दिसत नसतो. आधी पाहिलेलं मनात धरून तो अंग हवेत टाकतो.

म्हणून आत्याच्या वडिलांनी एक रीत घालून दिली होती. दांड्याच्या अलीकडं, जिथून घोड्यानं झेप घ्यायला हवी नेमक्या त्या जागी, घोड्याच्या वाटेच्या कडेला शिकवणाऱ्यानं उभं राहायचं. घोडा त्याच्या रेषेत आला की घशातल्या घशात "हं" म्हणायचं. घोड्याला जागा कळते. मग थोड्या थोड्या दिवसांनी दांड्यापासून एकेक पाऊल मागं व्हायचं. मागं होत होत रिंगणाच्या कुंपणापाशी यायचं, मग कुंपणाबाहेर, आणि एक दिवस घरात जाऊन चहा प्यायचा. वडील म्हणायचे, "घोडा उडत असताना ज्याला निवांत चहा पिता येतो, त्यानं घोडा शिकवला."

वडील गेले आणि पागा दादाकडं आली. दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. हिशेब, दाणापाणी, गिऱ्हाईक, सगळं तो बघायचा. घोडे शिकवणं आत्याकडं राहिलं. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही याचं आईकडं एक कारण होतं, वहिनीकडं दुसरं. आत्याला कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. खोगिरांच्या खोलीवर एक माडी होती, तिथं ती राहायची. खाट, खुंटीवर दोन कोट, कोपऱ्यात बूट, आणि रिंगणाकडं उघडणारी खिडकी. खालच्या कातड्याचा आणि तेलाचा वास फळ्यांच्या फटींतून वर यायचा. संध्याकाळी ती अंगण ओलांडून दादाच्या घरी जेवायला जायची. ताटावर चार गोष्टी व्हायच्या. मग ती परत अंगण ओलांडायची, आणि तिच्यामागं त्या घरातलं बोलणं जास्त मोकळं व्हायचं. हे तिला ऐकू यायचं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. घरं अशीच असतात. आत्या हे नाव तिला भाचीनं, दादाच्या मुलीनं, दिलं आणि सगळ्यांनी उचललं. पागेतला म्हातारा मोतद्दार, तिच्याहून चांगला दहा-बारा वर्षांनी मोठा, तोही तिला आत्याच म्हणायचा.

ठेंगणी याच पागेत जन्मली. जन्मली तेव्हाच बुटकी होती आणि तिच्या आईनं तिला अंगाला लागू दिलं नाही. आत्यानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. दादा म्हणायचा, "हिला विकायची झाली तर शेळ्यांच्या बाजारात न्यावी लागेल." दोन वर्षांची झाली तरी ती मोठ्या घोड्यांच्या पोटाखालून जाईल अशी दिसायची. पण एका सकाळी ती ठाणाचं फाटक सरळ वरून ओलांडून आत्याच्या मागं आली. फाटक तिच्या पाठीएवढं होतं. मोतद्दार हातातली बादली खाली ठेवून म्हणाला, "आत्या, हिला पाय कमी आहेत असं आपल्याला वाटत होतं."

आत्यानं तिला शिकवायला घेतलं. आधी दांडे जमिनीवर टाकून त्यांच्यामधून नुसतं चालवलं, मग दुडक्या चालीनं नेलं. मग एकमेकांत अडकवलेले फुलीचे दांडे, मग गुडघ्याएवढा सरळ दांडा. भाची तोवर चांगली स्वार झाली होती. हलकी, हातानं मऊ आणि तोंडानं कडक. तिनं ठेंगणीच्या पाठीवर बसायला सुरुवात केली. दांडा कमरेवर गेला, कमरेवरून छातीवर. ठेंगणी उडायची तेव्हा तिचे पुढचे गुडघे हनुवटीला लागायचे आणि पाठ कमानीसारखी गोल व्हायची.

आणि आत्या झेपेच्या जागी उभी असायची. आज मागं व्हायचं, उद्या व्हायचं, असं तिच्या मनात यायचं. पण ठेंगणी दौडत यायची तेव्हा तिचा डावा डोळा आत्यावर असायचा. साऱ्या दिवसात कुणीतरी आपल्याकडं इतकं नीट बघतंय, असं तेवढ्या वेळापुरतंच व्हायचं. दुसऱ्या कुठल्या घोड्याबाबत आत्यानं वडिलांची रीत मोडली नव्हती. या एका घोडीपाशी तिचं पाऊल मागं पडलं नाही. वर्षं गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ठेंगणी दर वेळी उडत होती, आणि उडणाऱ्या घोड्यात कोण खोट शोधतो?

थंडीच्या सुरुवातीला एक गृहस्थ आले. लांबच्या शहरात घोडेस्वारांची एक मोठी शाळा होती, तिथं निवडक मुलं घेत; ती निवडायला ते आले होते. उंच माणूस, बोलायला मवाळ, डोक्यावरची लोकरी टोपी घरातही न काढणारा; मोतद्दारानं त्यांचं नाव लगेच टोपीवाले ठेवलं. शाळेत ज्यानं त्यानं आपला घोडा आणायचा, अशी तिथली अट. भाची त्या शाळेच्या वयाच्या अटीच्या काठावर आलेली. या खेपेला नाही तर पुढं नाहीच.

ठेंगणीनं सुरेख उड्या घेतल्या. टोपीवाले मान डोलवत होते. मग म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेर या. मला घोडी एकटी बघायचीय."

आत्या कुंपणाबाहेर आली. भाचीनं घोडी वळवली, दौडवली. ठेंगणी दांड्यापर्यंत आली आणि चारी पाय रोवून थांबली. भाची तिच्या मानेवर आपटली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ठेंगणी दांड्याकडं गेलीच नाही. सरळ कुंपणापाशी येऊन आत्यासमोर उभी राहिली.

टोपीवाल्यांनी कुणाला हिणवलं नाही. ते शांतपणे म्हणाले, "मुलगी चांगली आहे. घोडीही चांगली आहे. पण उडतंय कोण, ते मला कळलं नाही. थंडी सरली की मी परत येतो. तेव्हा बाई रिंगणात नसतील."

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले. दादाकडं एवढं उडणारा दुसरा घोडा नव्हता आणि शाळेजोगता घोडा आणणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. तो ताटाकडं बघत म्हणाला, "नाही जमलं तर नाही. पोरगी इथंच राहील. घोडीही राहील. तुलाही सोबत होईल."

ते तो आपुलकीनं बोलला होता. आत्याच्या हातातला घास हातातच राहिला. काही न करता सगळं जिथल्या तिथं राहणार होतं. नुसतं थोडं कमी झटायचं. कुणाला कळलंही नसतं.

वहिनी ताक ओतता ओतता थांबली. "सोबत कसली होईल? या शेणातून घरातली एक तरी बाई बाहेर पडू दे."

"मी काय अडवलंय का?" आत्या म्हणाली.

"अडवलंयस असं कोण म्हणतंय? उभी आहेस तिथं, एवढंच."

भाचीनं आत्याकडं बघितलं नाही. तेच आत्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं ठेंगणीपासून मागं व्हायला सुरुवात केली. एक पाऊल झालं, दुसरं झालं. ठेंगणी बिचकू लागली. आत्या दोन पावलं मागं असली की घोडी दोन पावलं अलीकडूनच झेप घ्यायची आणि पोटाखाली दांडा खडखडायचा. आत्याला वाटलं, घोडी गोंधळलीय. मोतद्दार खाली पडलेला दांडा उचलता उचलता म्हणाला, "आत्या, घोडं कुठं पेंड खातंय बघा. ही दांड्यावरून उडतच नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही जिथं, तिथून ही उडते. तुम्ही विहिरीपाशी उभ्या राहिलात तर विहिरीवरून उडेल."

आत्यानं खात्री करून घ्यायचं ठरवलं. मोतद्दाराला दांडा पार खाली, गुडघ्याएवढा ठेवायला सांगितला, म्हणजे पोरीला आणि घोडीला इजा नको. मग ती मुद्दाम चुकीच्या जागी उभी राहिली, दांड्याच्या फारच अलीकडं, जिथून शहाणा घोडा कधी उडणार नाही. भाची ओरडली, "आत्या, पुढं हो." आत्या हलली नाही. ठेंगणी दौडत आली, डावा डोळा आत्यावर. आणि आत्याच्या रेषेत येताच तिनं जीव खाऊन झेप घेतली. उगाचच उंच झेप, नुसत्या रिकाम्या जमिनीवरून. दांडा अजून पुढं होता. ती त्याच्यावरच उतरली, दांडा मोडला, आणि ती अडखळत अडखळत सावरली.

तिचे पाय तपासायला आत्या गुडघ्यांवर बसली. पाय धड होते. ठेंगणीनं तिच्या कोटाच्या खिशात नाक खुपसलं. ती बिनतक्रार उडाली होती, कारण आत्या तिथं उभी होती. दांडा कसा बघायचा, अंतर कसं मनात धरायचं, हे तिला कधी शिकवलंच गेलं नव्हतं. एका उमद्या घोडीला आत्यानं बघायला नव्हे, फक्त एका बाईला शोधायला शिकवलं होतं.

म्हणजे आता मागं होऊन भागणार नव्हतं. पहिल्यापासून शिकवायचं होतं, आणि ते आत्यानं शिकवायचं नव्हतं.

दांडे परत जमिनीवर आले. भाची आणि ठेंगणी दोघीच रिंगणात. दांडे ठेवायला मोतद्दार. तिघांनी काय करायचं ते आत्या आदल्या संध्याकाळी सांगायची आणि सकाळी घोडी बाहेर निघायच्या आधी चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या, खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. घोडीनं तिच्या हातचं खायचं नाही, तिच्या हातचा खरारा करून घ्यायचा नाही, असंही तिनंच ठरवलं. चंदी घालायला घरात दुसरं कोण मोकळं होतं? वहिनी. वहिनी या घरात येऊन जन्म गेला तरी घोड्याला भ्यायची. ती हात लांब करून, तोंड दुसरीकडं वळवून, घमेलं ठाणात ढकलायची आणि म्हणायची, "खा बाई. आणि माझ्याकडं बघू नकोस." ठेंगणी नेमकी तिच्याकडंच बघायची.

चंदीच्या खोलीला खिडकी नव्हती. पोत्यांची चळत, चाळणी, कोपऱ्यात उंदरांचा सापळा, आणि फटीतून येणारा गार वारा. आत्या दाणे चाळत बसायची आणि कान रिंगणाकडं. आयुष्यभर डोळ्यांनी केलेलं काम आता तिला कानांनी करावं लागत होतं. दुडक्या चालीचा आवाज, दांड्याला खूर लागल्याची टकटक, भाचीचं "शाबास". पुढं पुढं दौडीचा आवाज यायचा, तीन ठोके, तीन ठोके, मग एक गप्प फट आणि मग धप्प. त्या गप्प फटीत घोडी हवेत असायची. आत्या चाळणी धरून थांबायची. धप्प ऐकू आलं की परत चाळायला लागायची. चाळलेलेच दाणे ती पुन्हा चाळायची. काम तेवढं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना ती विचारायची, "कशी होती?"

"बरी होती," भाची म्हणायची. ती थकलेली असायची. आत्याला दहा गोष्टी विचारायच्या असत. ती वाढून दिलेलं खायची आणि अंगण ओलांडायची.

दांडा कमरेपर्यंत आला तेव्हा एका सकाळी वेगळाच आवाज आला. दौड, मग वाळू खरडल्याचा आवाज, दांडा पडला, आणि त्यानंतर काहीच नाही. आत्या उभी राहिली. भाचीचा आवाज येईना. मग ठेंगणी खिंकाळली. ती लांब, वर चढत जाणारी हाक होती, लहानपणी बाटलीला उशीर झाला की मारायची तशी. आत्याचा हात कडीवर होता. पोरीला लागलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि कडी काढली.

भाची रिंगणात उभी राहून कपड्यांची वाळू झटकत होती. तिला काही झालं नव्हतं. ठेंगणी लगाम ओढत आत्याकडं आली आणि तिनं कपाळ आत्याच्या छातीवर टेकलं. आत्यानं तिला ढकललं नाही.

दुसऱ्या दिवशी ठेंगणी गुडघ्याएवढ्या दांड्यावरूनही जाईना. सारं मुसळ केरात. भाची खोगीर काढून खोगिरांच्या खोलीत आली आणि ते घोडीवर ठेवावं तसं अलगद खुंटीवर ठेवून म्हणाली, "आत्या, तुला ती जायला नकोच आहे."

आत्या लगामाला तेल लावत होती. "नकोच आहे," ती म्हणाली.

भाचीला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. "मग?"

"मग काही नाही. उद्या दांडा परत जमिनीवर ठेव."

पण मोतद्दारानं आणखी एक गोष्ट सांगितली. "आत्या, राग मानू नका. घोडीचा एक कान दांड्याकडं असतो आणि एक चंदीच्या खोलीकडं. तुम्ही आत आहात हे तिला ठाऊक आहे. दारानं माणूस झाकतं, वास नाही झाकत."

तेव्हा आत्या पागेतूनच जायला लागली. सकाळच्या बसनं ती तालुक्याच्या गावी जायची आणि दुपारच्या बसनं परत यायची. जायला तिला कुणी नव्हतं. बसचा कंडक्टर ओळखीचा झाला. "नवीन नोकरी लागली वाटतं," तो म्हणाला.

"हो."

"कसलं काम?"

आत्यानं थोडा विचार केला. "तिथं नसायचं," ती म्हणाली. इंजिनाच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही. पण त्यानं मान हलवली आणि पुढं गेला.

गावात करायचं काय? ती टपाल कचेरीतल्या बाकावर बसायची. कुणी विचारलं की उठायची. रस्त्यांवरून हिंडायची. माणसं तिला धक्का देऊन जात आणि मागं वळून बघत नसत. घोडा असा धक्का कधी देत नाही. एकदा ती चपलांच्या दुकानात शिरली. दुकानदारानं तिची पावलं बघितली, जन्मभर बुटांत राहून रुंद झालेली, बोटं वाकलेली. त्यानं खोके काढले, खोक्यांवर खोके रचले. "रोज कुठं जायचं असतं बाईसाहेब? त्या मानानं दाखवतो."

"कुठं नाही," ती म्हणाली.

"मग ही मऊ घ्या, घरात घालायला."

तिनं घेतली नाही. त्यानं तिला पाणी दिलं आणि बसा म्हणाला. त्या दुकानात ती बराच वेळ बसली होती. दुकानदार इतर गिऱ्हाइकांशी बोलत होता, आणि मधूनच तिच्याकडं बघून, "हो की नाही बाईसाहेब?" असं विचारत होता, जणू त्यांची जुनी ओळख असावी. ती हो म्हणत होती. त्या साऱ्या दिवसांत तिला त्याचंच दुकान आवडलं. पण परत तिथं जायला निमित्त सापडलं नाही.

थंडी सरली. टोपीवाले यायचा दिवस आला. घोडामैदान जवळ आलं तसा दादा चिडचिडा झाला, वहिनीचा हात दुधाच्या भांड्यात आणि जीव ठाणात. आत्या नेहमीच्या बसनं गेली. फाटकापाशी ती मागं वळली नाही, कारण ठाणातून ठेंगणीला फाटक दिसतं.

त्या दिवशी दुपारची बस उशिरा सुटली. पागेपाशी उतरली तेव्हा उन्हं कलली होती. टोपीवाल्यांची गाडी नव्हती. रिंगणात कुणी नव्हतं. दादा अंगणात खुर्ची टाकून बसला होता आणि डोळे पुसत होता. तिला बघून त्यानं तोंड फिरवलं.

"काय झालं, दादा?"

"गंगेत घोडं न्हालं," तो म्हणाला.

वहिनी ठाणापाशी उलट्या बादलीवर बसली होती. ठेंगणीचं नाक तिच्या खांद्यावर होतं आणि वहिनी मान वाकडी करून ते सहन करत होती.

"उडाली?" आत्यानं विचारलं.

"उडाली."

"किती? कशी? गुडघे वर घेत होती का?"

"मला काय विचारतेस? ती धावत आली आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती पलीकडं." "तीन-चार वेळा असंच झालं. शेवटी त्या टोपीवाल्यानं टोपी काढली. त्याला टक्कल आहे."

मोतद्दाराला विचारावं तर तो दांड्याच्या टोकाशी होता, त्याचं लक्ष दांड्यावर. भाची पाठीवर, स्वाराला आपल्या घोड्याची उडी दिसत नाही. दादाला काही धड सांगता येईना. तेव्हा आत्यानं पुढं विचारलं नाही. तिनं ठेंगणीच्या मानेवरून हात फिरवला, फार दिवसांनी. ठेंगणीनं कान हलवले, तिच्या बाहीचा वास घेतला, आणि परत वहिनीच्या खांद्यावर नाक ठेवून डोळे मिटले. घोडी दमली होती.

"जेवलीस का?" वहिनीनं विचारलं.

"नाही."

"चल. हिला कुणीतरी बाजूला कर आधी."

सकाळी घोडी न्यायला शाळेची गाडी येणार होती. आत्या उजाडताच रिंगणात आली. काल सांजेपासून तिथं कुणी फिरकलं नव्हतं. दव पडून वाळू घट्ट बसली होती आणि तिच्यावर कालचं सगळं जसंच्या तसं होतं.

दौडीचे ठसे वळणावरून आले होते. सुरुवातीला लांब लांब, मग दांड्याजवळ जरा आखूड; घोडी बघत आली होती, बघत बघत तिनं पाऊल आवरलं होतं. मग मागचे दोन खूर शेजारी शेजारी, खोल, एकावर एक उमटलेले, दर वेळी त्याच जागी. आत्या तिथं वाकली. ती जागा तिची नव्हती. वडिलांनी सांगितलेल्या, इतकी वर्षं ती उभी राहिली त्या जागेच्या चांगली हातभर पुढं, दांड्याच्या जवळ. मोठ्या घोड्यांना ती जुनी जागा बरोबर. आखूड टांगेच्या बुटक्या घोडीला इतक्या लांबून उडायला लावून आत्यानं तिला दर वेळी उगाच जास्त दमवलं होतं. ठेंगणीनं स्वतः बघून, स्वतःच्या पायांचा अंदाज घेऊन, आपली जागा काढली होती. तिथून पुढं वाळू कोरी होती. दांड्यापलीकडं एक पुढचा खूर, त्याच्या पुढं दुसरा, स्वच्छ, कुठं घसरणं नाही, कुठं अडखळणं नाही.

आत्यानं मान वर करून दांडा बघितला. तो तिच्या खांद्याच्या वर होता. खोल खुरांपासून तिथपर्यंत, आणि तिथून पलीकडच्या खुरांपर्यंत, तिनं नजर हळू नेली. मग पुन्हा एकदा नेली.

भाची लगाम खांद्यावर टाकून कुंपणाशी आली होती. "आत्या, गाडीला अजून वेळ आहे. एकदा उडवते. तू त्या झाडामागं थांब, तिला कळणार नाही. निदान एकदा बघून घे."

"तिला कळेल," आत्या म्हणाली. "आणि मी बघितलं."

"कधी?"

आत्यानं नजर परत वाळूकडं नेली. भाचीनंही रिंगणाकडं बघितलं, तिला तिथं वाळूशिवाय काही दिसलं नाही. मग ती घोडीचं सामान बांधायला गेली. आत्यानं कुंपणाला टेकवलेलं दाताळं घेतलं. दुसरे घोडे बाहेर काढायची वेळ झाली होती आणि रिंगण सारखं करणं भाग होतं. तिनं वळणापासून सुरुवात केली, आणि सगळं आवरत आणून ते खोल दोन खूर शेवटी ठेवले. तिथं ती जरा थांबली. मग तीही वाळू तिनं ओढून घेतली.